देगलूरची इथेनॉलमीमांसा

तालुक्याच्या गावी मोटारसायकल बंद पडली की कारणमीमांसा आधी होते आणि दुरुस्ती नंतर, हा नियम महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असला, तरी नांदेड जिल्ह्यातील देगलूर येथे त्याला शास्त्राचे स्वरूप आलेले दिसते. लेंडी नदीकाठचे हे गाव तेलंगणाच्या सीमेला लागून असल्यामुळे आणि कर्नाटकाची हद्दही तेथून फार दूर नसल्यामुळे, गॅरेजसमोर जमलेल्या चार माणसांकडून मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी अशा चार भाषांत निदान मिळण्याची सोय येथे आहे. शिवाय धुंडामहाराज देगलूरकरांमुळे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर कीर्तनाशी जोडले गेले, त्या गावाला निरूपणकारांची वाण पडण्याचे कारण नाही. पूर्वी या निरूपणात मतभेदांना वाव होता. कोणी प्लगला दोष देई, कोणी कॉइलला, कोणी चोकला, तर कोणी गाडी मागून नेणाऱ्या मेहुण्याला. अलीकडे मात्र दुर्मीळ असे एकमत झाले असून, मोटारसायकलच्या सर्व व्याधींचे मूळ इथेनॉलमध्ये आहे, या सिद्धान्तावर चारही भाषा एकत्र आल्या आहेत. घरात नवी सून आल्यानंतर म्हैस आटली तरी तो तिचाच पायगुण ठरावा, तशी इथेनॉलची सध्या अवस्था आहे. आणि सुनेच्या बाबतीत जे करायचे राहून जाते ते, म्हणजे आरोपांची एकेक करून तपासणी, निदान इथेनॉलच्या बाबतीत तरी करून पाहणे अगत्याचे ठरते.

या मीमांसेच्या इतिहासाचे स्थूलमानाने दोन कालखंड पडतात. पहिला कालखंड गुरुत्वाकर्षणाचा होय. त्या काळी पेट्रोलची टाकी वर आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवणारे भांडे, खाली असल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरत असे आणि त्याला खाली आणण्यासाठी कोणत्याही यंत्राची नेमणूक करावी लागत नसे. टाकीखालच्या कॉकला चालू, बंद आणि रिझर्व असे तीन टप्पे होते. गाडी अडखळू लागली की चालकाचा डावा हात खाली न पाहता कॉकवर जाई आणि बोलणे न थांबवता रिझर्व लावी. तेही संपल्यास गाडी एका अंगावर आडवी करून टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात दडलेले पेट्रोल अलीकडे आणण्याची विद्या शाळकरी मुलांनाही अवगत होती. कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे केसाएवढ्या छिद्राची पितळी नळी, कचऱ्याने तुंबला तर मिस्त्री तो काढून तोंडाने फुंकून साफ करी आणि त्या फुंकरीचे पैसे घेई. देणाऱ्यालाही ते रास्त वाटत, कारण फुंकर डोळ्यांदेखत मारलेली असे.

दुसरा कालखंड १ एप्रिल २०२० रोजी सुरू झाला. त्या दिवसापासून भारत स्टेज-६, म्हणजे वाहनांच्या धुरावरील अधिक कडक निर्बंध, देशभर लागू झाले आणि ते पाळण्यासाठी शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्यांतूनही बहुतांशी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या पद्धतीत प्रत्येक वेळी इंजिनाला किती पेट्रोल द्यावे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो आणि इंजेक्टर नावाची बारीक तोटी ते फवारते. फवारण्यासाठी दाब हवा आणि तो साधारणतः तीन बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तिप्पट, असावा लागतो. तो निर्माण करणारा विजेचा पंप बहुतेक गाड्यांत टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बसवलेला असतो. विजेची मोटार पेट्रोलात बुडवून ठेवावी, ही कल्पना ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी असली, तरी बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की तिला पेट घेण्यास पुरेशी हवा मिळत नाही; उलट ज्या पेट्रोलला ही मोटार पुढे ढकलते, तेच तिला थंड ठेवते आणि तिच्या फिरत्या भागांना वंगण पुरवते. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र या प्रगतीचा अर्थ एवढाच झाला की फुंकर मारण्याची जागा नाहीशी झाली.

चावी फिरवली की ईसीयू पंपाला दोन-तीन सेकंद वीज देतो, नळीत दाब भरतो आणि टाकीतून ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येऊन थांबतो. हा आवाज म्हणजे पंप जिवंत असल्याची खूण आहे, हे ठाऊक झाल्यापासून मोटारसायकलस्वारांच्या दिनक्रमात एका नव्या विधीची भर पडली असून, सकाळी चावी फिरवून क्षणभर मान कलती करून कान देणे हे त्याचे बाह्य लक्षण होय. ज्या दिवशी हा आवाज येत नाही, त्या दिवशी “आवाजच येईना गेलाय” या वाक्याने सभेला आरंभ होतो आणि उपचारांचे निरनिराळे संप्रदाय पुढे सरसावतात. ढकलपंथी मंडळी गाडीला धक्का मारू लागतात. पण धक्क्याने कमकुवत बॅटरीवर मात करता येते, मेलेल्या पंपावर नाही, त्यामुळे या उपचारात गाडीऐवजी ढकलणाऱ्यांचेच इंजिन तापते. ठोकपंथी मंडळी टाकीवर बुक्की मारतात आणि विद्वानांना अवघडल्यासारखे व्हावे अशी गोष्ट म्हणजे त्यांचा उपाय कधीकधी लागू पडतो. पंपाच्या मोटारीत ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, असतात. ते झिजले किंवा अडकले तर हादऱ्याने पुन्हा टेकतात आणि गाडी गॅरेजपर्यंतचा प्रवास स्वतःच्या पायांनी करते. तिसरा पंथ फ्यूज पाहावा म्हणणाऱ्यांचा आहे, जो बहुधा बरोबर सुरुवात करतो आणि म्हणूनच त्याचे कोणी ऐकत नाही. शेवटी मिस्त्री टाकी उतरवतो आणि “इथेनॉलनं खाल्लं बघा, मालक” असा निकाल देतो. बहुतेकदा पंप, गाळणी आणि दाब राखणारी झडप एकाच संचात येत असल्यामुळे गाळणी तुंबली तरी संच बदलावा लागतो आणि काही हजार रुपये मोजताना कोणीतरी मोठा गुन्हेगार समोर असला तर मालकाला तेवढेच समाधान मिळते.

या गुन्हेगाराची पूर्वपीठिका वाटते त्याहून जुनी आहे. इथेनॉल म्हणजे साखर किंवा पिष्ट आंबवून, ऊर्ध्वपातन करून मिळणारे मद्यार्क. इंधनासाठी त्यातील पाणी जवळजवळ संपूर्ण काढून टाकतात आणि ते पिण्यास अयोग्य केले जाते. पेट्रोलमध्ये असे मद्यार्क मिसळण्याची तरतूद करणारा भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ सालचा आहे. त्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत देगलूर निझामाच्या राज्यात असल्याने तेथील वाहनांना या सुधारणेची झळ लागली नसावी. पुढे हा कायदा निरुपयोगी म्हणून २००० साली रद्द करण्यात आला आणि २००३ साली सरकारने नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ केला, यावरून शासनव्यवहारात कोणतीही कल्पना निवृत्त होत नाही, ती फक्त काही काळ रजेवर जाते, असे अनुमान काढता येते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवलेले होते, ते नंतर अलीकडे ओढण्यात आले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल असलेले पेट्रोल, विक्रीस आले आणि २०२५ मध्ये देशभर ते सर्वसाधारण झाले. सरकारी योजना मुदतीच्या पाच वर्षे आधी पूर्ण होण्याचा हा प्रसंग इतका विरळा आहे की नागरिकांना त्याचा धक्का बसला, यात नवल नाही.

सीमेवरील गावाला यात आणखी एक अनुभव मिळतो. पेट्रोलवरील विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा असल्यामुळे महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक या तीन राज्यांत पेट्रोलचे भाव तीन असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातून निघून पलीकडे गेलेल्या जुक्कल-बिचकुंद्याच्या भागात नातेवाईक असलेल्या माणसाला तर हा हिशेब तोंडपाठ असतो. स्वस्त पेट्रोलसाठी हद्द ओलांडता येते. इथेनॉलविरहित साध्या पेट्रोलसाठी कोणती हद्द ओलांडावी, याचे उत्तर या तिन्ही राज्यांत मिळत नाही, कारण मिश्रणाचे धोरण केंद्राचे आहे. भाषावार प्रांतरचनेने जे वेगळे केले, ते पेट्रोलने पुन्हा एकत्र आणले, असे म्हणण्यास जागा आहे.

आता पूर्वपक्ष, म्हणजे आरोप करणाऱ्यांची बाजू, पाहू. पहिला आरोप अॅव्हरेज घटल्याचा असून तो खरा आहे, फक्त त्याचा आकार गावोगाव वाढत जातो. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने, शुद्ध पेट्रोलसाठी घडवून १० टक्क्यांच्या मिश्रणाला जुळवलेल्या दुचाकींच्या बाबतीत ई-२० मुळे होणारी घट तीन ते चार टक्के धरली आहे. याचा अर्थ साठ किलोमीटर देणारी गाडी साधारण अठ्ठावन्न देईल. गॅरेजसमोर मात्र साठाचे चाळीस झाल्याचे सांगितले जाते. मधल्या अठरा किलोमीटरांचा शोध घेतला असता त्यांतील काही सैल साखळीत, काही हवा कमी असलेल्या चाकात आणि उरलेले ट्रिपल सीट प्रवास करताना मांडीवर घेतलेल्या पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीखाली सापडण्याचा संभव आहे.

दुसरा आरोप रबर खाल्ल्याचा. इथेनॉलच्या संपर्कात काही जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते किंवा कडक होऊन तडकते, ही गोष्ट रसायनशास्त्राला मान्य आहे. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असे बनवणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाड्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळे आपोआप अधोरेखित झाला. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटर वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, पण तो खर्च किरकोळ आहे, असे म्हटले. किरकोळ या विशेषणाचा आकार ते वापरणाऱ्याच्या पगारावर अवलंबून असतो, ही बाब खुलाशात आलेली नाही.

तिसरा आरोप पाण्याचा असून त्याच्या सिद्धतेसाठी जो प्रयोग दाखवला जातो, तो प्रायोगिक विज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. पारदर्शक बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात थोडे पाणी ओततात, बाटली हलवतात आणि तळाशी ओतलेल्या पाण्याहून जास्त पाणी जमलेले पाहून जमाव आश्चर्यचकित होतो. वास्तविक इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची सोबत अधिक प्रिय असल्यामुळे ते पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते आणि तळाचा थर वाढतो. म्हणजे या प्रयोगाने पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे सिद्ध होत नाही, इथेनॉल असल्याचे सिद्ध होते, आणि ते तर सरकार स्वतःच सांगत आहे. तथापि या प्रयोगात एक खरा इशारा दडलेला आहे. थोडे पाणी इथेनॉल स्वतःत सामावून घेते. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही क्षमता लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर असते आणि २० टक्क्यांत त्याहून अधिक. ती ओलांडली की टाकीतही तसाच थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पंपाचे तोंड तळाशीच असल्यामुळे सर्वांत आधी तोच ओढला जातो. हवेतील दमटपणातून एवढे पाणी चटकन येत नाही. ते येते झाकणाच्या फाटक्या रबरातून, मृगाच्या पावसात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या गाडीत आणि धुण्याच्या पाइपचा जोर थेट टाकीच्या झाकणावर सोडणाऱ्या उत्साहातून. खेड्यातील किराणा दुकानासमोर थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेल्या पेट्रोलचे झाकण किती घट्ट असते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

चौथा आरोप पूर्वपक्षाला स्वतःला फारसा सुचलेला नाही, परंतु पंपाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. इथेनॉल चांगले द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर ते सोडवते, त्याखालचा गंज मोकळा होतो आणि हा सगळा ऐवज गाळणीवर येऊन बसतो. गाळणी तुंबली की पंपाला तेवढेच पेट्रोल ओढण्यासाठी अधिक कष्ट पडतात, तो तापतो आणि अकाली निवृत्ती घेतो. म्हणजे इथेनॉलने पंप खाल्ला हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. इथेनॉलने टाकी स्वच्छ केली आणि त्या स्वच्छता मोहिमेत पंप बळी गेला, असे म्हणणे अधिक शास्त्रीय ठरेल.

उत्तरपक्षाने, म्हणजे इथेनॉलची वकिली करणाऱ्यांनी, मांडलेले मुद्देही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा जास्त आहे. ब्राझीलने १९७५ साली सुरू केलेल्या कार्यक्रमातून २०२५ मध्ये ३० टक्के मिश्रणापर्यंत मजल मारली आहे, मात्र तेथील गाड्याही त्याच हिशेबाने बनतात. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असा सरकारचा दावा आहे आणि ऊस-मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पैसा गेला, असेही सांगितले जाते. मग पेट्रोल स्वस्त का झाले नाही, या प्रश्नावर २०२४-२५ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदरच लिटरमागे ७१.८६ रुपये होता, हे उत्तर मिळते. देगलूरचा जो शेतकरी आपला मका विकून येतो आणि त्याच रस्त्याने पेट्रोल भरून घरी जातो, त्याला आपला माल पुन्हा विकत घेण्याचा मान मिळतो. फक्त मधल्या काळात त्यावर कर बसलेला असतो.

मराठवाड्याचा म्हणून एक वेगळा हिशेब आहे आणि तो उत्तरपक्षालाही अवघड जातो. नीती आयोगाच्याच अहवालानुसार उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल बनण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. त्या सबंध गाडीच्या पाण्यावर ऊस वाढवून इथेनॉल काढले असते, तर ते सुमारे १७५ लिटर निघाले असते. त्यातून ई-२० बनवल्यास मोटारसायकलींच्या दहा लिटरच्या सत्याऐंशी टाक्या भरल्या असत्या. डिसेंबर २०२३ मध्ये उसाचे पीक घटण्याच्या भीतीने केंद्रालाच उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधने घालावी लागली आणि मिश्रणाचा मोठा भार मक्यावर गेला. पाणी कमी असलेल्या प्रदेशात तयार झालेले हे इंधन टाकीत गेल्यावर पुन्हा पाणीच शोधत राहते, यात त्याचा जन्मस्वभाव दिसून येतो.

दोन्ही पक्ष ऐकल्यावरही पंपाच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण साक्षीसाठी बाहेरच उभे असल्याचे लक्षात येते, आणि ते म्हणजे शंभर रुपयांचे पेट्रोल. शंभराची नोट आज एक लिटरही आणत नाही. तरीही “शंभरचं टाक” हे वाक्य पेट्रोलपंपावर ज्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते, त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा कालखंड मनातून अजून संपलेला नाही, हे स्पष्ट होते. कार्बोरेटरच्या काळात रिझर्ववर महिने काढणे ही काटकसर होती. आता टाकी सतत तळाला राहिली की पंप उघडा पडतो, त्याला थंड ठेवणारे पेट्रोल भोवती उरत नाही, वळणावर तो हवा ओढतो आणि चाळीस अंशांच्या वैशाखात तापत राहतो. शिवाय रिकाम्या टाकीच्या वरच्या भागात दमट हवेला घर मिळते आणि तळाचा गाळ नेमका पंपाच्याच वाट्याला येतो. इथेनॉल नसते तरी असा पंप फार दिवस टिकला नसता. इथेनॉलने त्याचा शेवट काहीसा लवकर आणला आणि संपूर्ण श्रेय घेतले.

तेव्हा निकाल असा द्यावा लागतो की इथेनॉल निर्दोष नाही, पण त्याच्यावरील आरोपपत्र वाजवीपेक्षा लांब आहे. अॅव्हरेजची थोडी घट, जुन्या रबराची झीज आणि सुटलेला गंज हे त्याचे गुन्हे सिद्ध होतात; उरलेल्या गुन्ह्यांत फाटके झाकण, न बदललेली गाळणी आणि कायम पेटलेला पेट्रोलचा दिवा हे सहआरोपी आहेत. लोकांचा राग मात्र अवाजवी म्हणता येत नाही. जुन्या गाडीच्या मालकाला निवड न देता हे इंधन मिळाले, इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आणि ज्याला निवड नाही त्याच्याजवळ कुरकुरीचा अधिकार तेवढा उरतो. तो अधिकार राखूनही प्रत्येक विक्रीयंत्रावर मिश्रणाचे प्रमाण मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे आणि जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचा पर्याय ठेवावा, एवढी मागणी रास्तच आहे. पेट्रोलची शंका आल्यास पेट्रोलपंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो वापरल्याने कोणाचा अपमान होत नाही. बाकी मागण्या मान्य होईपर्यंत देगलूरच्या व देगलूरबाहेरच्या वाचकांनी टाकीच्या झाकणाचे रबर तपासून घ्यावे, गाळणी वेळेवर बदलावी, टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये आणि शंभरच्या ऐवजी दोनशेचे पेट्रोल टाकावे.